टाकी घराची, खर्च कोणाचा?

महाराष्ट्रातल्या बहुतेक लहान शहरांत आणि जवळपास सगळ्या खेड्यांत भुयारी गटार नाही. घरातला मैला घराच्याच आवारात, जमिनीखालच्या टाकीत किंवा खड्ड्यात साठतो. २०११ च्या जनगणनेने देशभराचे चित्र आकड्यांत मांडले होते. शहरी भागातल्या ३२.७ टक्के घरांचा मैला गटारवाहिनीला जात होता, तर ३८.२ टक्के घरे सेप्टिक टाकीवर अवलंबून होती. म्हणजे शहरांतसुद्धा टाकीवाली घरे गटारवाल्या घरांपेक्षा जास्त होती. ग्रामीण भागात गटारवाहिनीचा वाटा २.२ टक्के होता आणि सेप्टिक टाकीचा १४.७. त्यानंतर स्वच्छ भारत अभियानात कोट्यवधी शौचालये बांधली गेली आणि त्यांतली बहुसंख्य गटाराशी जोडलेली नाहीत.

गटारवाहिनी सरकार बांधते, तिची दुरुस्ती नगरपालिका करते, आणि घरमालकाचा भार जोडणी व कर एवढ्यापुरता राहतो. टाकीचे तसे नाही. खोदाई, विटा, स्लॅब, शोषखड्डा, काही वर्षांनी उपसा, गळती लागली तर दुरुस्ती, हे सारे घरमालकाच्या डोक्यावर. या खर्चाला सार्वजनिक पैशातून मदत मिळावी का, किती, कोणत्या टप्प्यावर आणि कोणाच्या हातात, यावर गेली चाळीस वर्षे धोरणे बदलत आली आहेत. ती चर्चा आज कुठे उभी आहे, हे इथे पाहायचे आहे.

अनुदानाचा प्रवास

सरकारी योजनांच्या आधी या विषयाला हात घातला तो कार्यकर्त्यांनी. कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी कणकवलीजवळच्या गोपुरी आश्रमात मैल्याचे खत करणाऱ्या शौचालयाचा प्रयोग केला. देहूत डॉ. सुहास मापुसकर १९५९ मध्ये सरकारी डॉक्टर म्हणून आले आणि पोटाच्या आजारांचे मूळ शोधताना शौचालयांकडे वळले. पुढे त्यांनी मैल्यावर चालणाऱ्या बायोगॅस संयंत्राचे ‘मलप्रभा’ हे प्रारूप विकसित केले. २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. या दोघांच्या कामात एक गोष्ट समान होती. शौचालयाचा विचार ते मैल्याचे पुढे काय होते तिथपर्यंत नेत. सरकारी अनुदानाने हा धागा बऱ्याच काळाने उचलला, आणि तोही अर्धवट.

केंद्राचा ग्रामीण स्वच्छता कार्यक्रम १९८६ मध्ये सुरू झाला आणि तो अनुदानावरच आधारलेला होता. शौचालये बांधली गेली, पण अनेक ठिकाणी त्यांत सरपण आणि कडबा साठवला गेला. या अनुभवातून १९९९ च्या संपूर्ण स्वच्छता अभियानाने उलट टोक पकडले. घरटी रक्कम काही शेकड्यांवर आणली, तिला ‘प्रोत्साहन’ म्हटले आणि भर लोकशिक्षणावर दिला. महाराष्ट्राने २००० मध्ये संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान काढून घराऐवजी गावाला बक्षीस देण्याची वाट धरली. पुढे केंद्राचा निर्मल ग्राम पुरस्कार आला, त्यातही महाराष्ट्रातली गावे मोठ्या संख्येने पुढे होती.

तरीही २०११ च्या जनगणनेत ग्रामीण महाराष्ट्रातल्या जेमतेम ३८ टक्के घरांत शौचालय आढळले. मग रक्कम पुन्हा वाढू लागली. २०१२ च्या निर्मल भारत अभियानात केंद्राचे ३,२०० आणि राज्याचे किमान १,४०० असे ४,६०० रुपये ठरले, शिवाय रोजगार हमीतून मजुरीची जोड. २ ऑक्टोबर २०१४ ला स्वच्छ भारत अभियान सुरू झाले आणि ग्रामीण घराला १२,००० रुपये मिळू लागले. त्यात हात धुण्याच्या आणि पाणी साठवण्याच्या सोयीचाही खर्च धरलेला होता. शहरी अभियानात केंद्राचा वाटा ४,००० रुपये होता आणि महाराष्ट्राने त्यात आपले ८,००० घातले. एप्रिल २०१८ मध्ये राज्याचा ग्रामीण भाग हागणदारीमुक्त झाल्याचे जाहीर झाले.

ग्रामीण भागातली १२,०००ची रक्कम २०१४ नंतर तशीच राहिली. सिमेंट, वाळू आणि गवंड्याची मजुरी तशी राहिली नाही.

अर्ज कसा होतो आणि कुठे अडतो

ग्रामीण भागात अर्ज ग्रामपंचायतीत किंवा अभियानाच्या संकेतस्थळावर करता येतो. पात्रतेत दारिद्र्यरेषेखालची सर्व कुटुंबे येतात. रेषेवरच्यांपैकी अनुसूचित जाती-जमाती, अल्प व अत्यल्प भूधारक, घर असलेले भूमिहीन मजूर, अपंग आणि महिला कुटुंबप्रमुख असलेली घरे येतात. आधार, बँकेचे पासबुक, प्रवर्गाचा पुरावा आणि घराच्या जागेचा उतारा जोडायचा. काम झाले की ग्रामपंचायतीचा किंवा पंचायत समितीचा माणूस पाहणी करतो, शौचालयाचा स्थळनोंदीसह फोटो चढवला जातो आणि पैसे खात्यात येतात. शहरात हेच काम नगरपालिकेच्या अभियंत्याकडून होते आणि रक्कम हप्त्यांनी मिळते. ३० मीटरच्या आत गटारवाहिनी असेल तर जोडणीच घ्यायची, नसेल तर टाकी किंवा खड्डे, असा शहरी नियम.

कागदावर ही वाट सरळ आहे. अडचणी तीन ठिकाणी येतात.

पहिली पैशाच्या वेळेची. ग्रामीण अभियानाच्या नियमांनी रक्कम दोन टप्प्यांत देण्याची मुभा राज्यांना दिली होती, तरी प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी बांधकाम आधी आणि पैसे मागाहून हाच क्रम राहिला. सोयाबीनचे पैसे आले की बांधू म्हणणाऱ्या कुटुंबाला पुढच्या हंगामापर्यंत थांबावे लागते किंवा गावातल्या सावकाराकडून, दुकानदाराकडून उधार घ्यावे लागते. ज्याच्यासाठी योजना आहे त्याच्याकडेच आधी घालायला पैसे नसतात. हा दोष साधा आहे आणि सर्वांना माहीत आहे, तरी तो टिकून आहे. कारण आगाऊ दिलेले पैसे दुसरीकडे जातात, हा प्रशासनाचा जुना अनुभवही खोटा नाही.

दुसरी यादीची. सुरुवातीला २०१२ च्या पायाभूत सर्वेक्षणात नाव असणे हा आधार होता. ज्यांची नावे राहून गेली त्यांच्यासाठी नंतर पुरवणी याद्या निघाल्या, पण त्या निघेपर्यंत बऱ्याच घरांची वर्षे गेली. विभक्त झालेला मुलगा, गायरानावर घर असलेले कुटुंब, भाडेकरू, ऊसतोडीला गेल्यामुळे सर्वेक्षणाच्या दिवशी कुलूप असलेले घर, यांची नावे निसटण्याची शक्यता जास्त, आणि शौचालयाची गरजही यांनाच जास्त.

तिसरी अडचण मला सगळ्यांत मोठी वाटते, कारण तिच्यावर सर्वांत कमी बोलले जाते. अर्जाचा सगळा रोख जमिनीवर दिसणाऱ्या बांधकामावर आहे. फोटोत दार येते, भांडे येते, छप्पर येते. खाली टाकीला दोन कप्पे आहेत का, तिच्यातून बाहेर पडणारे पाणी शोषखड्ड्यात जाते की रस्त्याकडेच्या उघड्या गटारात, हे फोटोत येत नाही. आणि एकदा ‘शौचालय आहे’ अशी नोंद झाली की ते घर मदतीच्या कक्षेबाहेर जाते. टाकी फुटली, शोषखड्डा तुंबला, एकच खड्डा भरला, तरी त्यासाठी भरायचा सोपा अर्ज नाही. अभियानाच्या २०२० च्या दुसऱ्या टप्प्याच्या मार्गदर्शिकेने एका खड्ड्याचे दोन करणे आणि टाकीला शोषखड्डा जोडणे यावर भर दिला. त्यासाठी घरांना स्वतः खर्च करण्यास उद्युक्त करावे, पंचायतीने वित्त आयोगाचा निधी वापरावा, असा मार्ग सुचवला. पंधराव्या वित्त आयोगाने पंचायतींच्या अनुदानातला ६० टक्के भाग बंधित ठेवला होता, निम्मा पाण्यासाठी आणि निम्मा स्वच्छतेसाठी. म्हणजे पैशाचे दार आहे, पण ते पंचायतीच्या हाताने उघडते. कुटुंबाला ते थेट ठोठावता येत नाही.

द्यावे की देऊ नये

अनुदानाच्या बाजूचा युक्तिवाद आरोग्याचा आहे. एका घराचा मैला शेजारच्या विहिरीत उतरतो. ज्या खर्चाचा लाभ शेजाऱ्यालाही मिळतो तो एकट्या घरमालकाने का सोसावा? बांगलादेशातल्या तानोर भागात रेमंड गितेरास, जेम्स लेव्हिन्सन आणि मुश्फिक मुबारक यांनी केलेला प्रयोग २०१५ मध्ये ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाला. नुसत्या प्रबोधनाने फारसा फरक पडला नाही. अनुदान मिळालेल्या घरांत आरोग्यदायी शौचालयांचे प्रमाण २२ टक्के बिंदूंनी वाढले आणि त्याच वस्तीतल्या अनुदान न मिळालेल्या शेजाऱ्यांतही ८.५ बिंदूंनी वाढले. एकाने बांधले की दुसराही बांधतो, हे इथे आकड्यांत दिसले. अनुदानाने लोक परावलंबी होतात या आक्षेपाला हे बऱ्यापैकी ठोस उत्तर आहे.

विरोधी बाजूचा उगमही बांगलादेशातलाच. कमल कार यांनी तिथे नव्वदच्या दशकाच्या अखेरीस लोकसहभागाची पद्धत मांडली. पैसे देऊ नका, गावाला आपली घाण आपल्याच डोळ्यांनी पाहू द्या, मग लोक परवडेल तसे स्वतः बांधतील. महाराष्ट्रातही ही पद्धत वापरली गेली. तिच्या मागे उभा असलेला अनुभव हलका नाही. नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०१५ च्या लेखापरीक्षणात, तपासलेल्या पंचायतींमधली ३० टक्क्यांहून अधिक वैयक्तिक शौचालये निकृष्ट बांधकाम, अपुरे काम, देखभालीचा अभाव अशा कारणांनी बंद आढळली होती. फुकट मिळालेले वापरले जात नाही, असे या बाजूचे म्हणणे. मात्र तिच्यावरचा आक्षेपही गंभीर आहे. गावाला लाज वाटायला लावण्याच्या भरात सगळ्यांत गरीब घराची मानहानी होते, आणि परवडेल तसे बांधलेले शौचालय पहिल्याच पावसाळ्यात खचते.

तिसरा विचार डायन कॉफी आणि डीन स्पिअर्स यांनी ‘व्हेअर इंडिया गोज’ या २०१७ च्या पुस्तकात मांडला. त्यांच्या मते अडचण पैशाची कमी आणि विटाळाच्या कल्पनेची जास्त आहे. लहान खड्डा लवकर भरतो, तो उपसणे हे विशिष्ट जातींचे काम मानले जाते, म्हणून लोक एकतर बांधत नाहीत किंवा सरकारी मापापेक्षा कितीतरी मोठी टाकी बांधतात, जेणेकरून उपशाची वेळच येऊ नये. त्यांचे मूळ सर्वेक्षण उत्तर भारतातल्या पाच राज्यांतले आहे. महाराष्ट्राला ते जसेच्या तसे लावता येणार नाही. पण मुलांच्या पिढीपर्यंत पुरेल अशी टाकी बांधायची हौस आपल्याकडे कोणत्याही गवंड्याला विचारून पाहावी. कुटुंबे १२,००० च्या वर पदरचे पैसे घालतात ते बहुतेक टाकीच्या आकारासाठी. या विचाराने अनुदानाच्या प्रश्नाला वेगळे वळण दिले. रक्कम वाढवली तर टाकी आणखी मोठी होईल, चांगली होईलच असे नाही.

कर्जाची वाट

अनुदान पुरत नाही आणि आगाऊ मिळत नाही, तर छोटे कर्ज द्यावे, असा विचार दोन हजारच्या दशकात रुजला. तमिळनाडूत तिरुचिरापल्लीला गार्डियन ही केवळ पाणी व स्वच्छतेसाठी कर्ज देणारी सूक्ष्मवित्त संस्था उभी राहिली. महाराष्ट्रात बचत गट, पतसंस्था आणि सूक्ष्मवित्त कंपन्यांमार्फत शौचालय कर्जाचे प्रयत्न झाले. रिझर्व्ह बँकेने अग्रक्रम क्षेत्राच्या निर्देशांत घरगुती शौचालयाची बांधणी आणि दुरुस्ती यांचा स्पष्ट उल्लेख केला. ‘दुरुस्ती’ या शब्दामुळे टाकी सुधारण्याला निदान बँकेच्या चौकटीत जागा मिळाली.

हे कर्ज खरोखर शौचालयात जाते का? ब्रिटा ऑग्सबर्ग आणि सहकाऱ्यांनी ग्रामीण महाराष्ट्रातच याचा अभ्यास केला. स्वच्छतेच्या नावाने दिलेल्या कर्जामुळे शौचालय असलेल्या घरांचे प्रमाण ९ टक्के बिंदूंनी वाढले. त्याच वेळी जवळपास निम्मी कर्जे इतर कामांकडे वळली. कर्जाच्या बाजूचे लोक पहिल्या आकड्याकडे बोट दाखवतात आणि शंका घेणारे दुसऱ्याकडे. मला दोन्ही एकत्र वाचावेसे वाटतात. सूक्ष्मवित्त कर्जावरचे व्याज सहज २० टक्क्यांच्या वर जाते आणि सेप्टिक टाकी काही उत्पन्न देत नाही. मजुरी करणारी बाई मुलाच्या दवाखान्यासाठी ते पैसे वळवते तेव्हा तिचा हिशेब चुकलेला नसतो. कर्ज काही घरांना उपयोगी पडते, विशेषतः अनुदान मंजूर आहे पण हातात यायचे आहे अशा मधल्या काळात. बँकेने मंजुरीपत्रावर अल्पमुदतीचे कर्ज द्यावे आणि अनुदान आले की ते परस्पर फिटावे, ही सूचना अनेकदा पुढे आली आहे. मात्र ज्या घरात उत्पन्नच अनियमित आहे त्याच्यासाठी कर्ज हे अनुदानाचा पर्याय ठरत नाही.

जमीन काय म्हणते

मदत कशासाठी द्यावी याचे उत्तर जमिनीवरही अवलंबून असते, आणि धोरणात हा भाग सर्वांत दुबळा आहे. सरकारचा कल दोन खड्ड्यांच्या शौचालयाकडे आहे. एक खड्डा भरला की दुसरा सुरू करायचा, दोनेक वर्षांत पहिल्यातल्या मैल्याचे कोरडे खत होते, ते हाताने काढले तरी धोका नाही, टँकर लागत नाही, खर्च कमी. अप्पासाहेबांच्या खतविचाराशी याचे नाते सरळ आहे. मुरमाड जमिनीत आणि थोड्या माणसांच्या घरात याहून चांगला पर्याय सापडणे अवघड.

पण विदर्भ-मराठवाड्याच्या काळ्या मातीत पाणी मुरत नाही. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, खड्ड्याची बाजू ढासळते. भंडारा-गोंदियाच्या धानपट्ट्यात भूजल इतके वर येते की पावसाळ्यात खड्डा पाण्याने भरतो. सह्याद्रीच्या पायथ्याला हातभर खाली कातळ लागतो. कोकणातल्या जांभ्यातून पाणी झपाट्याने उतरते आणि घरामागची विहीर वीस पावलांवर असते. अशा जागी बंदिस्त टाकी बरी, पण तिचा खर्च कितीतरी जास्त. भारतीय मानक २४७० टाकीची किमान मापे सांगते: रुंदी ७५ सेंटिमीटर, पाण्याची खोली १ मीटर, क्षमता १,००० लिटर, आणि लांबी रुंदीच्या दुप्पट ते चौपट. टाकीतून बाहेर येणारे पाणी अजून दूषितच असते, म्हणून पुढे शोषखड्डा हवा. काळ्या मातीत तो नेहमीपेक्षा मोठा हवा. या सगळ्यासाठी लातूरच्या आणि रत्नागिरीच्या घराला एकच रक्कम मिळते. घरकुलाच्या योजनेत डोंगरी भागासाठी वेगळी रक्कम असते, हे तत्त्व १२,००० रुपयांच्या अनुदानाला लावले गेलेले नाही.

घराऐवजी सेवेला पैसे

गेल्या दहा-बारा वर्षांत चर्चेचा केंद्रबिंदू हलला आहे. टाकी बांधण्याचा खर्च एकदाचा असतो, उपशाचा कायमचा. टाकी दर दोन-तीन वर्षांनी उपसावी असा तांत्रिक दंडक आहे. प्रत्यक्षात ती तुंबल्यावरच उपसली जाते. तोवर गाळ घट्ट होतो, टाकीचे काम थांबते आणि मैला जसाच्या तसा बाहेर पडू लागतो. टँकरवाल्याचे एकरकमी पैसे गरीब घराला जड जातात, म्हणून ते उपसा लांबवते. काही ठिकाणी टँकरऐवजी माणूस उतरवला जातो.

हे शेवटचे वाक्य लिहिताना हात थांबतो. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय सेप्टिक टाकीत माणूस उतरवणे हा गुन्हा ठरवला. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे, आणि ही बंदी नगरपालिका, ठेकेदार तशीच व्यक्तीलाही लागू आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अशा मृत्यूंसाठी १० लाखांची भरपाई ठरवली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती ३० लाख केली. टाकी सुरक्षितपणे उपसण्यासाठी कुटुंबाला सार्वजनिक तिजोरीतून थेट काही मिळत नाही आणि टाकीत माणूस गेला तर तीच तिजोरी ३० लाख देते. या दोन गोष्टी एकाच व्यवस्थेत शेजारी शेजारी आहेत आणि अनुदानावरची कोणतीही चर्चा त्यांना बाजूला ठेवून पुरी होत नाही.

राज्याच्या नगरविकास विभागाने २०१६ मध्ये मैलागाळ (टाक्यांतून उपसलेला गाळ) व्यवस्थापनाची मार्गदर्शक तत्त्वे काढली, केंद्राचे राष्ट्रीय धोरण २०१७ मध्ये आले. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाच्या पाणी व स्वच्छता केंद्राच्या साहाय्याने वाई आणि सिन्नर या दोन शहरांनी वेगळी पद्धत घेतली. वाईत २०१८ पासून प्रत्येक घराची टाकी तीन वर्षांतून एकदा ठरलेल्या क्रमाने, वॉर्डनिहाय उपसली जाऊ लागली. घरमालकाने फोन करायचा नाही, टँकरवाल्याशी भाव करायचा नाही. खर्च स्वच्छता कर आणि मालमत्ता कराच्या उत्पन्नातून, थोडा थोडा वर्षभर विभागून. ठेकेदाराला पैसे कामगिरीप्रमाणे. काढलेला मैला कृष्णेत किंवा शेतात न जाता प्रक्रिया केंद्रात जातो. सिन्नरनेही याच धर्तीवर सेवा सुरू केली. पुढे राज्यातल्या शेकडो लहान शहरांसाठी मैलागाळ प्रक्रियेची सोय करण्याचे काम हाती घेतले गेले. ग्रामीण अभियानाच्या दुसऱ्या टप्प्यातही मैलागाळासाठी दरडोई २३० रुपयांपर्यंत तरतूद झाली.

यातली बलस्थाने उघड आहेत. अर्जच लागत नाही, म्हणून यादीतून कोणी निसटत नाही. निदान टाकी नोंदलेली असेपर्यंत. पण शंकाही खऱ्या आहेत. जुन्या घरांत टाकीवर फरशी घातलेली असते, झाकण नसते. ती फोडायची कोणी आणि परत बसवायची कोणाच्या खर्चाने? अरुंद बोळात टँकर जात नाही. दोन खड्ड्यांचे शौचालय असलेल्याने टँकरचा कर का भरावा? मालमत्ता कराच्या नोंदीत नसलेल्या झोपडीला सेवा मिळेल का? आणि ही घडी शहरात बसली तरी विखुरलेल्या वाड्या-वस्त्यांत कशी बसेल? पाच-दहा गावांनी मिळून एक टँकर आणि जवळच्या शहराचे प्रक्रिया केंद्र वापरावे, हा मार्ग सुचवला जातो. तो कुठे किती टिकतो हे अंतरावर आणि डिझेलच्या हिशेबावर ठरेल.

बाहेरचे दोन अनुभव

हा प्रश्न केवळ गरीब देशांचा नाही. आयर्लंडमध्ये युरोपीय न्यायालयाच्या २००९ च्या निकालानंतर घरगुती टाक्यांची नोंदणी आणि तपासणी कायद्याने आली. ग्रामीण भागात त्याला विरोध झाला, आणि तपासणीसोबत अनुदानही आले. २०२४ पासून मंजूर खर्चाच्या ८५ टक्के, कमाल १२,००० युरो अशी मर्यादा आहे. तिथे मदतीचा आधार टाकीची तपासणी आहे.

अमेरिकेत कृषी खात्याच्या ‘कलम ५०४’ योजनेतून कमी उत्पन्नाच्या ग्रामीण घरमालकाला १ टक्का व्याजाने ४०,००० डॉलरपर्यंत कर्ज आणि ६२ किंवा त्याहून अधिक वयाच्या व्यक्तीला १०,००० डॉलरपर्यंत अनुदान मिळू शकते. टाकीची दुरुस्ती त्यात बसते. तरी अलाबामातल्या लाउंडिस परगण्यात, जिथली चिकट काळी माती आपल्या मराठवाड्यासारखीच पाणी मुरू देत नाही, अनेक गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांचा मैला अंगणात साचत राहिला. कॅथरीन कोलमन फ्लॉवर्स यांनी हे जगापुढे आणले. चालू टाकी नसल्याबद्दल तिथे गुन्हे दाखल होऊ शकत होते. २०२३ मध्ये केंद्रीय न्याय विभागाने राज्याच्या आरोग्य खात्याशी करार करून ते थांबवले, आणि एप्रिल २०२५ मध्ये नव्या प्रशासनाने तो करारच मोडीत काढला. योजना कागदावर असणे आणि ती त्या मातीतल्या, त्या उत्पन्नाच्या घरापर्यंत पोहोचणे यातले अंतर तिथेही मिटलेले नाही.

काय सुटलेले नाही

काही मुद्द्यांवर आता बऱ्यापैकी एकमत दिसते. गरीब घराला मदतीशिवाय चांगली टाकी परवडत नाही. नुसत्या बांधकामाच्या पैशाने काम पुरे होत नाही. उपसा माणसाने करायचा नाही. त्यापलीकडचे बरेच खुले आहे.

जुन्या, सदोष टाक्या सुधारण्याचा खर्च कोणी उचलायचा, हा त्यातला सर्वांत मोठा. घरमालकाने उचलावा असे म्हणणाऱ्यांचा आधार असा की टाकी खासगी मालमत्ता आहे आणि एकदा अनुदान देऊन झाले आहे. सार्वजनिक पैशातून व्हावा म्हणणारे विचारतात, की बांधकामाच्या वेळी तपासणाऱ्याने टाकी पाहिलीच नाही, तर दोष एकट्या कुटुंबाचा कसा? माझा कल दुसऱ्या बाजूला आहे, पण त्यासाठी आधी गावोगावच्या टाक्यांची नोंद लागेल. ती कोणी करायची आणि त्या नोंदीचा उपयोग मदतीसाठी होईल की दंडासाठी, यावर लोकांचा विश्वास बसायला हवा. आयर्लंडमध्ये तपासणीला विरोध झाला तो याच धास्तीने.

रक्कम एकच ठेवावी की मातीनुसार, हेही ठरलेले नाही. वेगवेगळी रक्कम न्याय्य दिसते, पण काळी माती कुठे संपते आणि मुरूम कुठे सुरू होतो हे गावपातळीवर कोणी प्रमाणित करायचे? प्रत्येक अर्जाला जास्तीचा एक दाखला जोडावा लागला तर आधीच लांबलेली वाट आणखी लांबेल.

आणि जागा ज्याच्या नावावर नाही त्याचे काय? गायरानावरचे घर, नदीकाठची वस्ती, शहरातला भाडेकरू, शेतमालकाच्या जागेत राहणारा सालगडी. अभियानाच्या नियमांनी मालकीच्या कागदाचा आग्रह काही ठिकाणी सैल केला, तरी पक्की टाकी म्हणजे जागेवरचा हक्क मानला जाईल, या भीतीने जागामालक आणि कधी खुद्द पंचायतही ती बांधू देत नाही. तिथे अनुदान मंजूर होऊनही खड्डा खोदता येत नाही. वाईसारखी सेवाही तिथे पोहोचत नाही, कारण उपसायला टाकीच नसते. अशा वस्त्यांसाठी सामायिक टाकी आणि पंचायतीने चालवायची देखभाल हा एक मार्ग आहे. त्याची मालकी, वीज-पाण्याचे बिल आणि रोजची साफसफाई कोणाकडे, हे ज्या त्या ठिकाणी नव्याने भांडून ठरवावे लागते.